रसायनशास्त्राची तिसरी खेप

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण. वक्त्या मूळच्या पनवेलच्या असून परिचर्या प्रशिक्षणाच्या क्षेत्रातून पाठ्यनिर्देशिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



आत्ताच या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांची नावे वाचली गेली. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या आणि त्या पडायलाच हव्यात. परंतु मला निमंत्रण देण्यासाठी विश्वस्त घरी आले, तेव्हा मी त्यांना एक आगाऊ प्रश्न विचारला होता. यंदा समाजातील किती मुले बारावीला अनुत्तीर्ण झाली? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बाई, तशी यादी आम्ही करीत नाही.” ती यादी कोणीच करीत नाही. आज मी त्या यादीतील मुलांविषयी बोलणार आहे, कारण मी स्वतः त्या यादीतली आहे.

सन १९८४. मी विज्ञान शाखेतून बारावीला बसले आणि दोन विषयांत नापास झाले. भौतिकशास्त्रात २८ गुण आणि रसायनशास्त्रात १९. माझे वडील एस.टी.मध्ये वाहक होते. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी गुणपत्रिका पाहिली, गणवेश खुंटीला अडकवला आणि एवढेच विचारले, “ऑक्टोबरचा फॉर्म कधी भरायचा?” आईला मात्र ते सोसवले नाही. पुढे कित्येक दिवस ती शेजारीपाजारी सांगत राहिली की मुलगी पेणला मामाकडे गेली आहे. मी घरातच होते. खिडकीतून लाईन आळीकडे जाणारी माणसे दिसत, पण मला बाहेर पडण्याची मुभा नव्हती. नापास होण्याचे दुःख मी केव्हाच विसरले. त्या लपून राहण्याचे दुःख मात्र अजून आठवते.

ऑक्टोबरमध्ये भौतिकशास्त्र सुटले, ४१ गुण मिळाले. रसायनशास्त्रात ३१. म्हणजे पुन्हा नापास. आता तिसरी खेप.

येथे मला एका वृद्ध गृहस्थांचे स्मरण करावयाचे आहे. आमच्या घराशेजारी धान्याची एक पेढी होती. आपल्याच समाजातील एका कुटुंबाची. तेथील दिवाणजी संध्याकाळी वही मिटली की ओट्यावर बसत. एकदा त्यांनी मला द्रावणाचे उदाहरण पुटपुटताना ऐकले. अमुक टक्के द्रावण, तमुक आयतन, तर विद्राव्य किती? मी सूत्र पाठ करीत होते आणि ते दर वेळी उलटे मांडीत होते. दिवाणजी म्हणाले, “पोरी, हे तर त्रैराशिक आहे. शंभराला इतके, तर पाचशेला किती? आम्ही उभा जन्म हेच केले.” रसायनशास्त्र त्यांनी कधी शिकले नव्हते. पण त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले की दोन वर्षे मी जे पाठ करीत होते, ते मला कधी समजलेच नव्हते. मार्च १९८५ मध्ये मला रसायनशास्त्रात ५६ गुण मिळाले.

नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीला गेले, तेव्हा अधिसेविकांनी गुणपत्रिका चाळून विचारले, “रसायनशास्त्र तीनदा?” मी “हो” म्हटले. त्यांनी विचारले, “सलाईनमध्ये मीठ किती असते?” मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले. त्या म्हणाल्या, “शून्य पूर्णांक नऊ टक्के. मग एका लिटरच्या बाटलीत किती ग्रॅम?” मी म्हटले, “नऊ ग्रॅम. आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार.” त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. माझा प्रवेश झाला.

हे सर्व मी कौतुकासाठी सांगत नाही. पुढील अनेक वर्षे मी परिचारिकांना शिकविले आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात मला दर वर्षी माझ्यासारख्या मुली भेटल्या. काही पुन्हा परीक्षेला बसून समजून आलेल्या, तर काही पुन्हा बसून केवळ ३५ गुण गाठून आलेल्या. दोघींच्या गुणपत्रिकेवर “उत्तीर्ण” हाच शब्द होता, पण वॉर्डात त्या वेगळ्या दिसत.

उदाहरण देते. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींसाठी सिरिंज वेगळी असते. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. अडीचपट. त्याची साखर इतकी खाली येऊ शकते की तो बेशुद्ध पडेल. माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातून ही चूक होता होता राहिली. सिरिंज भरलेली होती, सुई टोचायची बाकी होती. त्या मुलीला सूत्र येत होते. तीव्रता म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. सलाईनचेही तेच. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे, मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती? सुमारे २१. रात्री तीन वाजता, झोपेने डोळे जड झालेले असताना हा हिशेब करावा लागतो. तेथे गाईड नसते.

म्हणून पालकांना माझी पहिली विनंती अशी की मूल नापास झाले तर त्याला पुन्हा बसवा, पण “कसेबसे सोडव” असे म्हणून बसवू नका.

आता थोडे नियमांविषयी, कारण या बाबतीत घरोघरी गैरसमज आहेत. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते आणि खुल्या प्रवर्गासाठी तीन विज्ञान विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात. म्हणजे ३०० पैकी १३५. एखाद्याला ४०, ३८ आणि ५१ गुण मिळाले तर घरात पेढे वाटले जातात, पण बेरीज १२९ होते आणि दार बंद राहते. अशा विद्यार्थ्याला मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देता येते, हे कित्येकांना माहीतच नसते. नापास झालेल्यांसाठी पूर्वी ऑक्टोबरची परीक्षा असे. आता पुरवणी परीक्षा उन्हाळ्याच्या निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमारास होते. त्यामुळे वर्ष वाया जाईलच असे नाही. बी.एस्सी.साठी राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

दुसरी वाट जी.एन.एम.ची. तेथे बारावीची कोणतीही शाखा चालते. इंग्रजीसह उत्तीर्ण आणि किमान ४० टक्के गुण असले की अर्ज करता येतो. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळविता येते. मी स्वतः याच वाटेने गेले. परंतु विज्ञानाला घाबरून जर कोणी या वाटेकडे वळत असेल, तर सावध करते. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र समोर उभे राहतात. आपल्यापैकी ज्यांचे नातलग अमेरिकेत आहेत, त्यांनी ऐकले असेल की तेथे हे विषय नर्सिंगच्या प्रवेशापूर्वीच उत्तीर्ण व्हावे लागतात आणि पुष्कळ विद्यार्थी ते दुसऱ्यांदा घेतात. विज्ञान कोणत्याच देशात चुकत नाही.

आणखी एक गोष्ट मागच्या पिढीची. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे आलेल्या अनेक प्रौढ स्त्रियांना, त्यांत विधवाही होत्या, प्राथमिक शिक्षणापासून सुरुवात करावी लागली. त्यांतील काहींना पुढे ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले गेले. चांगल्या घरच्या बायका परक्या रुग्णांची शुश्रूषा करणार, हे त्या काळच्या समाजाला पटणारे नव्हते. वयाच्या पंचविशी-तिशीत पाटी हाती घेणाऱ्या त्या स्त्रियांपुढे बारावीला पुन्हा बसणे म्हणजे काय मोठे!

एका भगिनीने मघाशी चहाच्या वेळी मला विचारले, “मुलगी चौविहार पाळते. रात्रपाळीत तिचे कसे होणार?” प्रश्न खरा आहे, म्हणून खोटा दिलासा देत नाही. दुपारी दोन ते रात्री आठची पाळी असली की सूर्यास्तापूर्वी जेवण जमेलच असे सांगता येत नाही. माझी एक जैन विद्यार्थिनी परिसेविकांच्या परवानगीने साडेपाचला डबा उघडीत असे. एखाद्या दिवशी नेमका त्याच वेळी रुग्ण येई आणि डबा तसाच परत जाई. मग दुसऱ्या दिवशी नवकारसीपर्यंत उपाशी. तिने कधी तक्रार केली नाही, पण सोपे होते असेही ती म्हणाली नाही. आपल्या परंपरेत वैयावृत्त्याची गणना आभ्यंतर तपांत होते, हे मला तिनेच सांगितले. त्यापूर्वी तो शब्द मी ऐकला नव्हता. मुलग्यांच्या पालकांनीही हे ऐकावे. आज नर्सिंगच्या वर्गांत मुलगेही असतात आणि त्यांना कामही मिळते.

विश्वस्तांपुढे एक मागणी ठेवते. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण बरेच संकल्प केले असतील. त्यांत एक लहानसा जोडावा. निकालानंतरचे काही आठवडे या सभागृहाच्या एका खोलीत संध्याकाळी रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचा वर्ग चालावा. फी नको. समाजाबाहेरचे मूल आले तरी त्याला परत पाठवू नये. शिकवायला मी येईन. गुडघे दुखतात, तेव्हा खोली तळमजल्यावरची असावी. आणि वर्गात येणाऱ्या मुलांची नावे फलकावर लिहू नयेत.

माझी १९८५ ची रसायनशास्त्राची वही आज बरोबर आणली आहे. तिच्यात एका पानावर दिवाणजींच्या अक्षरातले त्रैराशिक आहे, मोडी वळणाचे आकडे आहेत. भोजनाची वेळ झाली आहे, म्हणून थांबते. मी मागच्या रांगेत उजव्या बाजूला बसेन. ज्यांच्या घरी यंदाची गुणपत्रिका कपाटात ठेवलेली आहे, त्यांनी ती घेऊन यावे. पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत फार दिवस नसते.