आधी जीभ, मग गोळी



आमच्या गटातल्या एक मावशी मीटिंगला कायम मागे बसायच्या, तोंडावर पदर धरून. शेळ्यांसाठी कर्ज हवं होतं, पण दोन महिने त्यांनी मागितलंच नाही. घरी गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "ताई, तोंडाला वास येतो माझ्या. चारचौघींत कशी बोलू?" वास दबावा म्हणून त्या दिवसातून तीनदा मिसरी लावत होत्या.

हा वास बहुतेक वेळा पोटातून नाही, तोंडातूनच येतो. जिभेवर, त्यातही मागच्या बाजूला, पांढरट थर साचतो. त्यातले जंतू अन्नाचे कण कुजवतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. मिरची तोडताना, ऊसतोडीवर आपण तासन्‌तास पाणी पीत नाही, तेव्हा हेच होतं.

आपल्या आज्या कडुनिंबाच्या काडीने दात घासायच्या, मग तीच काडी मधोमध चिरून जीभ खरवडायच्या. आज स्टीलची, तांब्याची पट्टी मिळते. मागून पुढे, हलक्या हाताने, चार-पाच वेळा ओढा. दर वेळी पट्टी धुवा. रात्री दात घासूनच झोपा.

आता चांगल्या जंतूंच्या चघळायच्या गोळ्याही निघाल्या आहेत. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले जॉन टॅग यांनी निरोगी तोंडातला 'के १२' हा जंतू शोधला. प्रयोगात मात्र आधी औषधी पाण्याने तोंड स्वच्छ केलं, मगच गोळ्या दिल्या. तण काढल्याशिवाय आपण पेरतो का? म्हणून आधी जीभ. गोळी महाग वाटली तर राहू द्या. दही-ताक जरूर घ्या, पण ते या गोळीची जागा घेत नाही.

मिसरी वास झाकते, पण ती तंबाखूच आहे. हिरड्या बिघडवते, तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो. दोन आठवडे जीभ साफ करूनही वास गेला नाही, हिरड्यांतून रक्त आलं, दात हलले किंवा तोंडातला चट्टा बरा होत नसेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

मावशींची मिसरी पूर्ण सुटलेली नाही, तीनदाची एकदा झाली आहे. पण मागच्या मीटिंगला त्या पुढे बसल्या आणि कर्ज स्वतः मागितलं.

तुमच्या गटात कुणी पदराआडून बोलत असेल, तर चारचौघींत हसू नका. एकटीला गाठून सांगा.