माथेरान : वनरक्षण आणि श्रमप्रतिष्ठा



लहान गावाच्या विकासातही राष्ट्रीय धोरणाचे मोठे प्रश्न दडलेले असतात. रायगड जिल्ह्यातील माथेरान हे याचे बोलके उदाहरण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील या गिरिस्थानाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच हजारांहूनही कमी होती.

१८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी हा डोंगरमाथा हेरला आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांसाठी येथे वसाहत उभी राहिली. पुढे सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलातून नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली आणि मध्यमवर्गीय पर्यटकालाही माथेरान गाठता येऊ लागले. पर्यटन हाच गावाच्या अर्थव्यवस्थेचा कणा बनला.

पर्यटकांच्या वाढत्या भाराने वन आणि लाल माती दोन्ही धोक्यात आली. या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व परिसर 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' म्हणून अधिसूचित केला. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. गावातील झाडी टिकून राहण्यात या बंदीचा वाटा मोठा आहे.

मात्र, मोटारीचे ओझे कोणी उचलले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रवासी व सामान वाहण्याचे काम घोड्यांकडे आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांकडे आले. चढावर माणसाने माणसाला ओढायचे, पावसाळ्यात चिखलातून न्यायचे आणि पर्यटक नसतील तेव्हा रिकाम्या हाताने बसायचे, असे हे जीवन. २००५ व २०१९ च्या अतिवृष्टीत रेल्वेमार्गाची हानी झाली, तेव्हा पर्यायी वाहतुकीची निकड अधिकच जाणवली.

हा प्रश्न दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून चालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला; निधीची कमतरता ही सबब चालणार नाही, असेही बजावले. सायकलरिक्षाचालकांविषयीच्या १९८० च्या 'आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य' या निकालाचा आधार न्यायालयाने घेतला, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

राज्यघटनेचा अनुच्छेद ४८-अ पर्यावरणाचे रक्षण राज्यावर सोपवतो, तर अनुच्छेद २१ च्या न्यायालयीन अन्वयार्थात प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क अंतर्भूत आहे. माथेरानमध्ये ही दोन तत्त्वे परस्परविरोधी भासली, त्याचे कारण निसर्गरक्षणाची किंमत गावातील सर्वांत दुर्बल घटकाने मोजली. वनही राहावे आणि माणसाचा कणाही ताठ राहावा, अशी व्यवस्था उभी राहील तेव्हाच त्या विकासाला शाश्वत म्हणता येईल.