बिजागरी आणि चौकट

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडलंत, तर हाड सरकताना बोटाला लागतं. तो जबड्याचा सांधा. तो दुखू लागला, जांभई देताना कट्‌कन वाजू लागला, की माणूस आधी कान दाखवतो, मग दात. दोन्ही ठीक निघाले की वेदनाशामक गोळी घेतो आणि दिवस ढकलतो. मानेकडे कुणी बघत नाही, आणि मला आज मानेबद्दलच बोलायचं आहे. आपल्या मुळशी तालुक्यात पाऊस धो धो पडतो, त्यामुळे घराची चौकट जराशी कलली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दार अडकतं, बिजागरी कुरकुरते. आपण बिजागरीला तेल सोडतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर सुतार दाराची कड रंधून देतो. दार तात्पुरतं लागतं, चौकट मात्र तिरकीच राहते. जबडा ही बिजागरी आहे आणि मान ही चौकट.

बसल्या जागी करून बघा. ताठ बसा, समोर पाहा, मागचे दात अलगद एकमेकांवर टेकवा. आता मोबाइलमध्ये बघता तशी मान खाली घाला आणि पुन्हा टेकवा. दात किंचित पुढे लागले. छताकडे बघून टेकवलेत तर मागे लागतील. बहुतेकांना हा फरक कळतो. दात तेच, सांधा तोच, बदलली फक्त मान. संगणकासमोर आपण मान पुढे काढतो आणि पडदा दिसावा म्हणून तोंड वर ठेवतो. तेव्हा हनुवटीपासून गळ्याकडे जाणारे स्नायू ताणले जातात आणि जबड्याला खाली, मागे ओढतात. तोंड मिटलेलं राहावं म्हणून गालाचे आणि कानशिलाचे स्नायू उलट ओढत बसतात. ही ओढाताण तासन्‌तास चालते. शिवाय चेहऱ्याची आणि मानेच्या वरच्या भागाची वेदना मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी पोचते, म्हणून कळ मानेची आणि जाणीव जबड्यात, असंही घडतं. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 साली संगणकावर गणित मांडलं, त्यात मान साठ अंश वाकली की मणक्यावरचा भार सुमारे 27 किलो भरला. हे गणित आहे, माणसावर केलेलं मोजमाप नव्हे. तरी भाराची दिशा त्यातून समजते.

कुणी विचारेल, आमच्या बायका आंबेमोहर भाताची लावणी करताना दिवसभर वाकलेल्या असतात, मग हिंजवडीच्या संगणकवाल्यांचंच कौतुक कशाला? हिंजवडीही मुळशी तालुक्यातच आहे, आणि प्रश्न रास्त आहे. लावणीनं कंबर मोडते हे कुणी नाकारत नाही. पण लावणीत अंग हलत राहतं, बोलणं चालतं, दाताला दात लावून कुणी बसत नाही. वाकणं वेगळं आणि एकाच जागी थिजणं वेगळं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई आठवा. गवंड्यानं ओळंबा सोडावा तसा तिचा कान खांद्याच्या सरळ वर असतो, नाहीतर हंडा टिकणारच नाही. ओझं वाहा असं मी सांगत नाही, फक्त ती रेषा बघा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुखतं म्हणून माणूस मान वाकडी धरत असेल, उलटं कशावरून? नुसती मान मोजून केलेल्या पाहण्यांमधून याचं ठाम उत्तर मिळत नाही, हे कबूल करायला हवं. पण 2000 साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या मासिकात एक चाचणी छापून आली. जबड्याच्या स्नायूंचं दुखणं असलेले साठ रुग्ण होते. सगळ्यांना घरी घ्यायची काळजी सांगितली, निम्म्यांना वर बसण्याउठण्याची शिकवण दिली. शिकवण मिळालेल्यांचा त्रास सरासरी 42 टक्क्यांनी उतरला, बाकीच्यांचा 8 टक्क्यांनी. साठ माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि सांध्याची चकती सरकली असेल किंवा संधिवात असेल तर एवढ्यानं भागणार नाही. ताणतणावाचं काय, असंही विचाराल. आहेच तो. दातओठ खाणं हा आपला वाक्प्रचार उगाच नाही. पण पुढे आलेल्या मानेवर दात आवळले की त्या ओढाताणीत भरच पडते.

पुन्हा सांगतो, चौकट बघा. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणा, अर्ध्या तासानं उठा, ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवा. जेवण सोडलं तर दाताला दात लागायचं कारण नाही. तोंडात तीन बोटं मावत नसतील तर डॉक्टरांकडे जा. जबड्याबरोबर छातीत दुखत असेल, दरदरून घाम येत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं, तडक दवाखाना गाठा. आणि जबडा दुखतो म्हणून कुणी दात घासून कमी करायला सांगितलं, तर आधी मान तपासून घ्या. घासलेला दात परत वाढत नाही.