भूकंप सांगून येतो का?



किल्लारीत १९९२च्या ऑक्टोबरात धक्के बसले, लोक घाबरले, पुढं सारं निवळलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मात्र गाव उद्ध्वस्त झालं. कोयनेलाही जलाशय भरू लागल्यापासून जमीन हादरत होती. मोठा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला. मग आधी कळलं कसं नाही? कारण असे बहुतेक छोटे धक्के नुसतेच विरून जातात. त्यातला पूर्वधक्का कोणता, हे मोठा भूकंप झाल्यावरच ठरतं.

म्हणून सूचनेची वाट पाहण्यात अर्थ नाही. बोरीतली आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. यंदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊ. आणि घरात दुरुस्ती काढली, तरी कॉलम-बीमला कुणी हात लावू नये, ही कळकळीची विनंती.