टी-पेशींचा पहारा

1958 साली युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचं वर्णन प्रसिद्ध केलं. गाल सुजलेला, दात हलू लागलेले. हा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. 1964 मध्ये लंडनला अशाच गाठीच्या पेशींत एपस्टाईन-बार हा विषाणू सापडला.

जगातल्या 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो, बहुधा तुमच्या-माझ्याही. मग गाठ सगळ्यांना का होत नाही? विषाणू बी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत दडतो आणि टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्या बाधित पेशी हुडकून मारत राहतात. बर्किटच्या गाठीत मात्र तो जेमतेम एखादंच प्रथिन बनवतो, तेही टी-पेशींना सहसा न दिसणारं. त्यात वारंवारच्या मलेरियाने पहारा आणखी ढिला पडतो.

अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेताना हा पहारा ढिला पडतो आणि काहींना याच विषाणूमुळे लिम्फोमाच्या गाठी होतात. औषधांचा डोस कमी केला, की काही रुग्णांत त्या चक्क विरतात! मला हे फार मोलाचं वाटतं. तेवढ्याने भागलं नाही, तर निरोगी दात्याच्या, हा विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी देता येतात. युरोपात अशा एका उपचाराला डिसेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली.