आखाजीच्या बांगड्यांची डबी

चैत्र-वैशाख हा वसंत. म्हणजे आपल्याकडे ऊन रणरणत असलं, तरी पंचांगाच्या हिशेबानं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा वसंताचाच सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराई बसते आणि परतताना लेकीच्या हातात नव्या बांगड्या असतात. शिवाय नणंदेसाठी, जावेसाठी एखादा जोड बरोबर दिला जातो. ही भेट ज्यात घालून द्यायची ती डबी घरीच, कागदाची घडवावी आणि मन लावून सजवावी, असं माझं म्हणणं आहे. नशिराबादकरांना हे सांगण्याला कारण आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत नशिराबादचं नाव काचेच्या बांगड्यांसाठी येतं आणि एरंडोलचं हातकागदासाठी. एकाच महामार्गावर, जळगावच्या एका अंगाला बांगडी आणि दुसऱ्या अंगाला कागद. एरंडोलचा कागद तेव्हाच उतरणीला लागला होता, आणि एका डबीनं तो धंदा परत उभा राहील असा माझा दावा नाही. पण या दोन वस्तूंना एकत्र आणण्याचा हक्क या मुलखाइतका दुसऱ्या कुणाचा असेल?

पहिला आक्षेप असा की, काच फुटते, तिथं कागदाचं काय काम? बांगडी फुटते ती मोकळी राहून एकमेकींवर आपटली म्हणजे. २० सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्या. चारही कोपरे मध्यावर आणून दुमडले, कडा पुन्हा मध्यापर्यंत आणल्या आणि भिंती उभ्या केल्या, की गोंदाचा थेंबही न लावता साधारण ७ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच डबी तयार होते. दोन-सहा मापाच्या बांगडीचा आतला व्यास सुमारे ६ सेंटिमीटर. म्हणजे बारीक बांगड्यांचा जोड तिच्यात आडवा, अंगासरशी बसतो. उरलेल्या जागेत पतंगी कागदाच्या चुरगळलेल्या पट्ट्या भरल्या की आवाजसुद्धा होत नाही. झाकणाचा कागद अर्धा सेंटिमीटर मोठा घ्यावा, म्हणजे ते न अडकता बसतं. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान यासाठी उत्तम. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा मात्र घडीवर तडकतो. त्याची फुलं कातरावीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सजावट म्हणजे दुसऱ्या दिवशीचा कचरा. चकचकीत प्लास्टिकच्या आवरणाबद्दल आणि थर्माकोलबद्दल हे खरंच आहे. महाराष्ट्रानं २०१८ मध्येच त्यांवर निर्बंध आणले. १ जुलै २०२२ पासून तर मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लास्टिकला देशभर बंदी आहे. पण म्हणून सजावटच सोडून देणं हा उपाय नव्हे. संक्रांतीच्या पतंगांचा उरलेला केशरी कागद पळसाच्या पाकळ्यांना पुरतो, हिरवा कडुलिंबाच्या पानांना. चौकोन तीनदा दुमडून कातरला की आठ पाकळ्यांचं फूल उलगडतं. खळ घट्ट शिजवावी, कारण पतंगी कागद ओला झाला की रंग सोडतो. आणि फुलं झाकणाच्या माथ्यावरच चिकटवावीत. बाजूंना चिकटवली तर झाकण काढताना-घालताना ती निघून येतात. चकाकीची पूड, चिकटपट्टी हे टाळलं, तर अख्खी डबी रद्दीत जाऊ शकते.

उरतो वेळेचा प्रश्न. आखाजीच्या घरात स्वयंपाकाची, पाहुण्यांची घाई असते, त्यात बायांच्या माथी आणखी एक काम कशाला? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून हे काम बायांचं नाहीच. वार्षिक परीक्षा तोवर बहुधा आटोपलेल्या असतात, दहा वर्षांच्या मुलाला या घड्या जमतात, आणि मामा-भाऊ मंडळींनाही कातर चालवता येते. बहिणीच्या भेटीसाठी भावानं दुपारचा तासभर बसावं.