चुकामूक झाली तर इंग्रजीत काय सांगाल?

आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवू आणि थोडं इंग्रजी शिकू. आपल्या गटांच्या बायका तिरुपतीला, रामेश्वरला जातात. तिथं गर्दीत एखाद्या आजीची चुकामूक झाली, तर समोरच्या पोलिसाला मराठी कळणार नाही, हिंदीही कळेलच असं नाही. अशा वेळी माणूस कसा दिसतो, हे इंग्रजीत सांगता आलं तर शोध लवकर सुरू होतो.

त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवू: इज, हॅज आणि इज वेअरिंग.

माणूस कसा आहे, हे सांगायला 'इज'. शी इज टॉल, म्हणजे ती उंच आहे. शी इज थिन, ती बारीक आहे. शी इज सेव्हंटी इयर्स ओल्ड, ती सत्तर वर्षांची आहे. डोंगर 'हाय' असतो, माणूस मात्र 'टॉल'.

माणसाला काय आहे, हे सांगायला 'हॅज'. आपण इथंच अडखळतो. मराठीत आपण म्हणतो, 'तिचे केस लांब आहेत'. त्या 'आहेत'मुळे तोंडात 'शी इज लाँग हेअर' येतं. त्याचा अर्थ होतो, ती बाई म्हणजेच लांब केस! म्हणून म्हणायचं, शी हॅज लाँग हेअर. डोक्यावर केस कितीही असोत, शब्द 'हेअर'च, 'हेअर्स' नाही. रंगही सांगायचा तर आधी लांबी, मग रंग: शी हॅज लाँग ग्रे हेअर.

ओळखखूणही 'हॅज'नेच सांगायची. गालावर तीळ असेल तर शी हॅज अ मोल ऑन हर चीक. कपाळावर गोंदण असेल तर शी हॅज अ टॅटू ऑन हर फोरहेड. साडी दुसरीच्याही अंगावर तशीच असू शकते, गोंदण मात्र आपल्या आजीचं.

अंगावर काय आहे, त्याला 'इज वेअरिंग'. शी इज वेअरिंग अ ग्रीन सारी. नऊवारी, इरकल हे शब्द तिकडे कळायचे नाहीत, रंग मात्र कळतो.

आणखी एक. आजोबांना आपण मानानं 'ते' म्हणतो. इंग्रजीत एकट्या आजोबांना 'दे' म्हटलं, तर पोलीस विचारतील, किती जण हरवलेत? तिथं 'ही' म्हणायचं: ही इज वेअरिंग अ व्हाइट कॅप. त्यात अपमान नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं शेजारणीचं वर्णन अशा तीन वाक्यांत करायचं. प्रवासाला निघताना सोबतच्या म्हाताऱ्या माणसांचं आणि लेकरांचं वर्णन कागदावर लिहून पिशवीत ठेवायचं. घाबरल्यावर पाठ केलेलंही आठवत नाही. दोन नंबरही त्याच कागदावर लिहा: पोलिसांच्या मदतीसाठी 112 आणि लेकरांसाठी 1098.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!